जमुनेचा पवित्रा

किसनराव मुकादमाने जमुनेचा हात धरला तो भर दुपारी, चारचौघांच्या देखत.

अकोल्यात ताजनापेठेच्या पुढं कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या ते मैदान होतं. त्या वर्षांत तिथं पाय ठेवायला जागा नसे. अमेरिकेत कुठंतरी मोठी लढाई जुंपली होती आणि त्यामुळं विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस पाहिजे होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीवानांनी चुली मांडलेल्या असत आणि त्यांना भाजी लागे. म्हणून जमुना रोज डोक्यावर वांग्यांची, मुळ्यांची टोपली घेऊन तिथं यायची. किसनराव एका व्यापाऱ्याचा मुकादम होता. कोणाची गाडी आधी खाली होईल आणि कोणाची उन्हात उभी राहील, हे त्याच्या हातात होतं. त्याने जमुनेला मनगटाला धरून कापसाच्या गंजीमागं ओढलं. टोपली पडली. ती त्याच्या हाताला चावली, त्याने तिच्या तोंडावर मारलं. तेवढ्यात कोणाचेतरी बैल बुजून गाडी गंजीवर आली, म्हणून ती सुटली.

पुढं तिच्या ध्यानात राहिला तो एक गाडीवान. ती गंजीमागून बाहेर आली तेव्हा तो खाली बसून तिची वांगी वेचून टोपलीत टाकत होता. त्याने टोपली तिच्याकडं सरकवली, पण मान वर केली नाही.

जमुनेचा नवरा पटकीच्या साथीत गेला होता. मागं एक मुलगी, गंगू. दोघी भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, घरी राहत. भासरा जानराव माळी, मोर्णा नदीच्या काठी त्याची बागाईत होती. माणूस वाईट नव्हता, पण कोणाच्या भांडणात पडणारा नव्हता. रीतीप्रमाणे जमुना त्याच्यासमोर कधी बोलली नव्हती. जे सांगायचं ते जाऊ पार्वताबाईला.

तिने पार्वताबाईला सांगितलं. पार्वताबाईने तिचा सुजलेला ओठ पाहिला, हळद लावली.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "सांगशीन तं लोक तुलेच पाहतीन."

"लोकायनं पायलं ना. सारे तठीच होते."

भिंतीपलीकडून जानरावाचा आवाज आला, "तिले सांग, उद्यापासून त्या वाटेनं जाऊ नको म्हणा. नदीच्या वाटेनं जात जाय."

असा निकाल लागला. जमुना नदीच्या वाटेनं जाऊ लागली. जाताना ती सारखी मागं वळून पाहायची. मागं पाचोळा वाजला तरी तिला घाम फुटे. तिला झोप येईना, अन्न जाईना. मोटेची दोरी धरून विहिरीत पाहत ती उभी राहिली की पार्वताबाई हातातलं काम टाकून जवळ येऊन बसायची. गंगू नसती तर जमुनेने तेव्हाच विहीर जवळ केली असती.

नदीवर रेल्वेच्या पुलाचं काम चाललं होतं. त्या कामावर एक चिनी सुतार होता. कमानीखाली लाकडाचे साचे बसवायचा. नाव विचारलं की तो म्हणायचा, आ फू. लोक हसायचे आणि त्याला अफू मिस्त्री म्हणायचे. तो जानरावाच्या बागेत मुळे घ्यायला यायचा आणि वाफ्यापाशी उकिडवा बसून पानं उलटून पाहायचा. पूर्वी तो सातारच्या डोंगरावरच्या तुरुंगात कैदी होता. तिथं कैद्यांकडून साहेबांसाठी भाजी लावून घेत. आपल्या कैदेची गोष्ट तो लपवत नसे.

एका सकाळी उजाडता उजाडता जमुनेने त्याला नदीच्या वाळूत पाहिलं. गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखा तो उभा होता. कितीतरी वेळ हललाच नाही. मग त्याचे हात फिरू लागले, आधी पाण्यात फिरल्यासारखे सावकाश, आणि मध्येच इतके झटकन की नजर पोहोचू नये. वाकलेला, पिकल्या केसांचा माणूस, पण त्या वेळी त्याला कोणी ढकलू शकलं नसतं हे तिला लांबूनही कळलं.

ती त्याच्याकडं गेली.

"मिस्त्री, हे मले शिकवा."

त्याने कमरेचं फडकं सोडून तोंड पुसलं. "औरत का काम नहीं. मरद का भी काम नहीं," तो मुंबईच्या बंदरात उचललेल्या हिंदुस्थानीत म्हणाला. "मेरा हाथ से एक आदमी मर गया. सिंगापूर में. इसी से मरा. फिर जेल, जहाज, फिर जेल. जवानी खतम. तुमको क्या करना है?"

"कोणी हात धरला तं सोडवता आला पायजे. बस्स."

"घर में मरद को बोलो."

"बोलली."

त्याने तिच्या ओठावरचा वण पाहिला आणि हत्यारांची पेटी उचलून तो कामावर गेला.

जमुना ऐकणारी नव्हती. रोज पहाटे बागेच्या एरंडाच्या कुंपणाआड ती त्याच्यासारखी उभी राहू लागली. लुगडं कासोट्याचं होतं, अडचण नव्हती. पण पाय भरून यायचे, तोल जायचा. आ फू नदीवर जाता येता पाहायचा आणि पुढं जायचा. एक दिवस मात्र तो कुंपणापाशी थांबला.

"गलत खड़ा है," तो वैतागून म्हणाला. "रोज गलत. देखा नहीं जाता." आत येऊन त्याने माप घ्यायच्या गजाच्या काठीने तिची टाच बाहेर सरकवली, गुडघ्यावर काठी टेकवली. तिच्या अंगाला हात लावला नाही. "दम नीचे. इधर नहीं, पेट में. अब खड़ा रहो."

त्या दिवसापासून तो शिकवू लागला. सगळा हिवाळा त्याने तिला नुसतं उभं राहायला लावलं. मग मनगट कसं फिरवायचं, समोरचा ओढतो तेव्हा मागं न ओढता त्याच्याच अंगावर कसं जायचं, कोपर कुठं दुमडतं, ते शिकवलं. तिचं मनगट धरायची वेळ आली की तो आधी त्यावर फडकं टाके. तिने एकदा विचारलं, ह्याला म्हणतात काय. तो म्हणाला, कुंग फू.

"मंजे?"

तो विचारात पडला. "मेहनत. बहुत दिन का मेहनत. लकड़ी का काम में भी है. तुम्हारा मूली में भी है. मारना उसमें थोड़ा, बहुत थोड़ा."

पार्वताबाईला हे ठाऊक होतं. बागेतलं तिच्यापासून काय लपणार? एका सकाळी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. जमुना घाबरली. पार्वताबाईने टोपली खाली ठेवली, इकडंतिकडं पाहिलं आणि स्वतः गुडघे वाकवून उभी राहिली. थोड्याच वेळात तोल जाऊन वांग्यांच्या वाफ्यात बसली. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा गेल्यापासून जमुना त्या दिवशी पहिल्यांदा हसली असेल.

हळूहळू तिला झोप येऊ लागली. नदीच्या वाटेवर ती मागं वळून पाहायची थांबली. बाजारात कोणी भाव पाडून मागितला तर ती त्याच्या डोळ्यांत पाहून नाही म्हणू लागली. गंगूला कडेवर घेऊन चालताना आपले पाय जमिनीत रुतलेले आहेत असं तिला वाटे. आपल्याला काहीतरी मिळालं आहे, आणि ते आपलं आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तेवढेच काय ते तिचे बरे दिवस.

दुसऱ्या सुगीत किसनराव नदीच्या वाटेवर आला. सकाळची वेळ होती, तो एकटाच होता, आणि त्याला घाई नव्हती.

"अकडून चालून राहिली आता," तो म्हणाला. "कोणाच्या भरवशावर व?"

जमुनेने टोपली खाली ठेवली. "वाट सोडा."

त्याने तिचं मनगट धरलं. ती मागं ओढली नाही. तिच्या पायांनी आपलं आपण काम केलं. ती त्याच्या अंगावर एक पाऊल गेली, मनगट फिरलं आणि त्याचं कोपर तिच्या खांद्यावर उलटं आलं. तिथं थांबायचं असतं, असं आ फूने सांगितलं होतं. ती थांबली नाही. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. किसनराव गुडघ्यांवर आला. त्याने तिच्याकडं पाहिलं ते वेदनेनं नव्हे, कोणी आपल्याला पाहिलं का ह्या भीतीनं.

तिने टोपली उचलली आणि ती बाजारात गेली. भाजी विकली. तिला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी आ फूला पुलावरून धरून नेलं. किसनरावाने लिहून दिलं होतं की चिनी मिस्त्रीने दारू पिऊन लाकडी हातोड्याने त्याचा हात मोडला. बाईने हात मोडला, असं सांगायला त्याची जीभ उचलली नसती. त्याच्या हाताखालच्या दोघा हमालांनी, आम्ही पाहिलं, असंही सांगितलं. आ फू जुना कैदी होता. तेवढं पुरलं.

जमुनेला हे बाजारात कळलं. घरी येऊन ती पार्वताबाईला म्हणाली, "मी कचेरीत जातो. खरं काय ते सांगतो."

"येडी झाली का तू? मंग इचारतीन, तू त्याच्याजवळ कायले जात होती. काय सांगशीन?"

"शिकाले."

"कोण मानीन? गंगूचं काय होईन? तिचं लगन कोण करीन?"

"तुमी पायलं ना माय. तुमी सांगजा, काही वावगं नवतं म्हून."

पार्वताबाईने तोंड फिरवलं. "म्या काही पायलं नाही," ती म्हणाली. ती रडत होती.

कचेरीत साहेब होता, त्याचा कारकून होता, किसनराव हात गळ्यात बांधून बसला होता. आ फू बेड्या घालून भिंतीशी उभा होता. मागं जानराव हात जोडून उभा होता. जमुना आल्याचं कळवून त्याला बोलावणं गेलं होतं. जमुना पदर डोक्यावरून घेऊन पुढं आली आणि भासऱ्यासमोर, जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं बोलली.

"याचा हात म्या मोडला. यानं मले धरलं होतं. मिस्त्री तठी नवताच."

कारकून हसला. त्याने साहेबाला सांगितलं तेव्हा साहेबही हसला. किसनराव हसला नाही. तो तिच्याकडं पाहतही नव्हता.

जानराव पुढं सरसावला. "सायब, नवरा मेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. तिले घरी नेतो."

"मी शहाणी हाव," जमुना म्हणाली.

साहेब काहीतरी बोलला. कारकुनाने विचारलं, "एवढ्या मोठ्या माणसाचा हात तू कसा मोडला? करून दाखवतं का?" आणि दारावरच्या शिपायाला हाक मारली. शिपाई शालिकराम, उंच, तगडा. तो मिशीत हसत आला आणि त्याने आपला हात पुढं केला.

जमुनेने आ फूकडं पाहिलं. त्याने मान हलवली. नाही. अगदी थोडी हलवली, पण तिने ती पाहिली. तिला वाटलं, तो तिच्या अब्रूची काळजी करतो आहे. तिला वाटलं, आता दाखवलं नाही तर हा सुटणार नाही.

"धरा," ती शालिकरामाला म्हणाली.

त्याने मनगट धरलं आणि दुसऱ्या क्षणी तो फरशीवर पालथा होता, कोपर तिच्या हातात. ह्या वेळी ती थांबली. तिने अलगद हात सोडला, पदर सारखा केला.

तिने साहेबाकडं पाहिलं. त्याचं हसू गेलं होतं. आता तो तिचं म्हणणं खरं धरत होता, हे तिला दिसलं, आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"हे तुले कोणं शिकवलं?" कारकुनाने विचारलं.

"मिस्त्रीनं," ती म्हणाली. तिला त्यात अभिमानच होता.

साहेब बराच वेळ लिहीत राहिला. मग कारकुनाने वाचून दाखवलं. हा माणूस ह्याच विद्येनं खून करून कैदेत गेलेला. सुटल्यावर गुपचूप इथल्या लोकांना तीच विद्या शिकवतो. आज ह्याने एका अडाणी बाईकडून मुकादमाचा हात मोडवला, उद्या अशांची टोळी उभी करील. दोन वर्षं सक्तमजुरी, अमरावतीच्या तुरुंगात. बाई दुसऱ्याच्या नादानं वागली, तिला सोडावं. किसनरावाने तिला का धरलं होतं, हे त्या कागदात कुठंच नव्हतं.

"नाही," जमुना म्हणाली. "नाही, त्यानं सांगतलं नवतं. मीच—"

"तुझं ऐकलं बाई," कारकून म्हणाला. "तुझंच खरं धरलं. जा आता."

आ फूला नेताना तो तिच्या जवळून गेला. त्याने तिच्याकडं पाहिलं नाही.

पंचायत बसायला वेळ लागला नाही. पहाटेच्या वेळी परक्या, परजातीच्या माणसापाशी एकटी जाणारी बाई; मिस्त्रीनं शिकवलं हे तर तिने स्वतःच कचेरीत सांगितलेलं. साक्ष कोणाची लागणार? तिला घरात ठेवलं तर जानरावाचं हुक्कापाणी बंद. जानराव पंचांपुढं रडला, पण नाही म्हणाला नाही. गंगू त्याच्या घरची लेक, ती घरीच राहील असं ठरलं. जमुना निघाली तेव्हा गंगूला आतल्या खोलीत कोंडलेलं होतं. ती दारावर धडका देत होती. तो आवाज जमुनेला वाटेवर बराच लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

ती अमरावतीला गेली. तिथं कापसातली घाण आणि वाळली पानं वेचायला बायका लागत. ती दिवसभर कापसात बसे. अंगावर, केसात, नाकात कापूस. कोणी तिला विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पहाटे जाग यायची, पण ती उठून उभी राहत नसे.

कैदी तिवशाकडच्या सडकेवर गिट्टी फोडायला नेतात असं तिला कळलं. एका बाजारच्या दिवशी काम सोडून ती चालत गेली. आ फू सडकेच्या कडेला बसला होता. तिने त्याला आधी ओळखलंच नाही. त्याची बोटं फुटली होती आणि तो मधूनमधून खोकत होता. पहारेकऱ्याला दया आली असावी. तो दुसरीकडं पाहू लागला.

तिने मुळे आणि भाकर पुढं ठेवली. त्याने मुळा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, सवयीनं.

"तुमी मान हालवली होती," ती म्हणाली. "मले समजलं नाही."

त्याने मुळ्यावरची माती बोटाने पुसली.

"म्या खरंच सांगतलं, मिस्त्री. मले वाटलं, खरं सांगतलं तं तुमाले सोडतीन."

"मैं भी उधर सिंगापूर में सच बोला था," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "अब जाओ. इधर मत आना."

ती तरी गेली. पुढच्या खेपेला सडकेवर कैदी नव्हते. पटकी आली होती. उरलेल्यांना परत नेलं होतं आणि मेलेल्यांना सडकेपलीकडच्या पडीक जमिनीत एकाच खड्ड्यात टाकलं होतं. पहारेकऱ्याने बोट दाखवलं. ताज्या मातीचा लांबट ढीग होता. त्यात तो कुठं, हे कोणालाच सांगता येईना. त्याच्या लोकांत मेलेल्यासाठी काय करतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली आणि मग परत फिरली.

पुढं अमेरिकेतली लढाई थांबली. कापसाला कोणी विचारीना. गाठी अंगणात भिजत पडल्या, आणि वेचणाऱ्या बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जमुनेला जायला जागा नव्हती. पाय अकोल्याकडं वळले.

बागेच्या कुंपणाबाहेर ती सकाळपासून बसून राहिली. पार्वताबाई पाण्याला आली तेव्हा तिने तिला पाहिलं. पार्वताबाई फार वाळली होती.

"गंगूचं जमलं," ती हळू आवाजात म्हणाली. "बार्शीटाकळीचं ठिकाण हाये. लोक चांगले हायेत. तू मेली म्हून सांगतलं त्यायले."

जमुनेने मान डोलावली. "एक डाव तिले पाहू द्या माय. मंग जातो."

पार्वताबाई आत गेली. बऱ्याच वेळाने ती गंगूला घेऊन आली. गंगू उंच झाली होती, कपाळ बापासारखं. ती कुंपणाच्या आत उभी राहिली आणि पुढं येईना. ह्या काळात गल्लीतल्या पोरांनी तिला काय काय सांगितलं असेल, घरात काय बोललं गेलं असेल, ते जमुनेला कुठून कळणार?

"गंगे," जमुना म्हणाली, आणि तिच्या केसांवरून फिरवायला तिने हात उचलला.

गंगूने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि अंग चोरून खाली बसली.

जमुनेचा हात तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला, पदराखाली नेला.

"जेवली काय?" तिने विचारलं.

गंगूने हातांआडूनच होकाराची मान हलवली. पार्वताबाई मागं वळून घराकडं पाहत होती. "ते येतीन आता," ती म्हणाली.

जमुना उठली. नदीत पाणी थोडंच होतं. ते ओलांडून ती बाळापूरच्या रस्त्याला लागली. तिकडं तिचं कोणी नव्हतं.